आगींची भूमी : कंपानियाच्या मातीत गाडलेले सत्य

१/ दक्षिण इटलीतील नेपल्सभोवतालच्या मैदानाला प्राचीन रोमन ‘कंपानिया फेलिक्स’ म्हणजे ‘भाग्यवान कंपानिया’ म्हणत. व्हेसुव्हियसच्या राखेने पोसलेल्या या मातीत टोमॅटो आणि जर्दाळू भरभरून पिकतात. येथील म्हशींच्या दुधाचे मोझारेला चीज जगभर जाते. एकविसाव्या शतकात मात्र या भूमीला नवे नाव मिळाले : ‘आगींची भूमी’.

२/ विसाव्या शतकाच्या अखेरीस घातक कचऱ्याची कायदेशीर विल्हेवाट लावणे उत्तरेकडील अनेक कारखान्यांना महाग वाटू लागले. कमोरा या गुन्हेगारी संघटनेतील कासालेसी टोळीने हे काम अल्प दरात पत्करले. ट्रकांतून आलेला रासायनिक गाळ जुन्या दगडखाणींत आणि शेतांत गाडला गेला. शिवाय बेकायदा कार्यशाळांतील टायर, कापड आणि प्लॅस्टिक उघड्यावर पेटवले जाऊ लागले.

३/ अशा कचऱ्यातील विष दोन वाटांनी माणसापर्यंत येते. गाडलेल्या कचऱ्यातील जड धातू व द्रावके झिरपून भूजलात उतरतात आणि विहिरींच्या पाण्यावाटे पिकांपर्यंत पोहोचू शकतात. जळत्या कचऱ्यातून निघणारे डायॉक्सिन गवतावर बसते, जनावरांच्या चरबीत साठते आणि दुधात उतरते.

४/ ७ ऑक्टोबर १९९७ रोजी टोळीचा माजी म्होरक्या कार्मिने स्कियावोने याने संसदीय चौकशी समितीपुढे हा सारा व्यवहार उघड केला. वीस वर्षांत अनेक गावांतील लोक कर्करोगाने मरतील, असा इशाराही त्याने दिला. ती साक्ष गोपनीय ठरवून दप्तरात बंद करण्यात आली.

५/ त्या मौनाच्या काळात खुणा उमटतच होत्या. २००४ मध्ये ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’ या नियतकालिकातील लेखाने अचेरा, नोला आणि मारिल्यानो या पट्ट्याला ‘मृत्यूचा त्रिकोण’ म्हटले. २००८ मध्ये काही गोठ्यांतील दुधात मर्यादेपेक्षा अधिक डायॉक्सिन आढळले आणि दक्षिण कोरियाने मोझारेलाची आयात थांबवली.

६/ ३१ ऑक्टोबर २०१३ रोजी, सोळा वर्षांनंतर, ती साक्ष खुली झाली. पुढच्याच महिन्यात नेपल्समध्ये हजारो नागरिक रस्त्यावर उतरले. सरकारने शेतजमिनींची तपासणी आरंभली. २०१४ मधील पहिल्या अहवालात ५७ नगरपालिकांच्या सुमारे १,०७६ चौरस किलोमीटर क्षेत्रापैकी जेमतेम २ टक्के जमीन संशयास्पद ठरली.

७/ शोकांतिकेचा दुसरा पदर येथे उलगडतो. बहुतांश शेते संशयमुक्त होती. पण विष नेमके कोठे आहे हे जाहीर झालेले नसल्याने ग्राहकाच्या लेखी अवघा प्रदेशच विषारी ठरला. प्रामाणिक शेतकऱ्याचा मालही बाजारात नाकारला जाऊ लागला.

८/ तरीही धोका काल्पनिक नव्हता. इटलीच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेला या पट्ट्यातील ५५ नगरपालिकांत मृत्यू आणि काही कर्करोगांचे प्रमाण अपेक्षेपेक्षा अधिक आढळले. वयाच्या पहिल्याच वर्षी कर्करोगासाठी रुग्णालयात दाखल होणारी बालकेही अधिक होती. एखाद्या रुग्णाचा आजार अमुकच खड्ड्यातून आला, हे सिद्ध करणे मात्र अत्यंत कठीण असते.

९/ ३० जानेवारी २०२५ रोजी युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने हा पुराव्याचा पेच ओलांडला. धोका ठाऊक असूनही राज्यसंस्थेने तत्परतेने पावले उचलली नाहीत, हाच जीविताच्या हक्काचा भंग, असा निर्वाळा त्याने दिला. प्रत्येक रुग्णाबाबत कार्यकारणभाव सिद्ध होण्याची वाट पाहण्याचे कारण नव्हते. सुमारे २९ लक्ष लोकांच्या या प्रदेशासाठी इटलीला दोन वर्षांची मुदत मिळाली. सर्वंकष कृतियोजना आणि स्वतंत्र देखरेख यांबरोबर न्यायालयाने आणखी एक गोष्ट मागितली : सर्व माहिती नागरिकांना एका ठिकाणी खुली असावी. १९९७ मध्ये जे दप्तरात बंद झाले, तेच अखेर न्यायाची अट बनले.