निघालो कुठून, पोहोचणार कधी

१६ ऑक्टोबर १९७२. अलास्कातल्या अँकरेज विमानतळावरून सकाळी नऊच्या सुमारास दोन इंजिनांचं एक सेस्ना ३१० उडालं. आत चौघं होते: अमेरिकी प्रतिनिधिगृहातले बहुमताच्या पक्षाचे नेते हेल बॉग्ज, अलास्काचे खासदार निक बेगिच, बेगिच यांचे सहायक आणि पायलट डॉन जॉन्झ. निवडणूक तोंडावर आली होती आणि बेगिच यांच्या प्रचारासाठी जूनोला पोहोचायचं होतं. जॉन्झ यांनी निघण्याआधी फ्लाइट प्लॅन दिला नव्हता. चाकं उचलल्यावर काही मिनिटांनी त्यांनी तो रेडिओवरून सांगितला: याकुटाटपर्यंत आखीव हवाई मार्गाने, तिथून सरळ जूनो. वेळ साडेतीन तास, इंधन सहा तासांचं. पलीकडून विचारणा झाली, आणीबाणीचं सामान आणि विमानाचं ठिकाण कळवणारा लोकेटर बीकन बरोबर आहे ना? आहे, असं उत्तर गेलं. ते या विमानाचं शेवटचं संभाषण.

दुपारी विमान जूनोला आलं नाही आणि शोध सुरू झाला. तो ३९ दिवस चालला. लष्कर, हवाई दल, तटरक्षक दल, सिव्हिल एअर पेट्रोलचे स्वयंसेवक, खासगी पायलट, सगळे उतरले. सव्वातीन लाख चौरस मैलांचा, म्हणजे पावणेतीन महाराष्ट्र मावतील एवढा मुलूख पालथा घातला गेला. एक पत्रासुद्धा हाती लागला नाही. मधल्या काळात मतदान झालं आणि बेपत्ता असलेले दोन्ही उमेदवार निवडून आले. चौकशीत निघालं ते असं, की जॉन्झ यांचा हातात नेण्याचा बीकन फेअरबँक्सला दुसऱ्याच एका विमानात पडून होता. गंमत म्हणावी तर क्रूर: अनुभवी पायलट असलेल्या जॉन्झ यांचा विमानावर साचणाऱ्या बर्फाला घाबरू नका अशा आशयाचा लेख त्याच सुमारास ‘फ्लाइंग’ मासिकात आला होता.

फ्लाइट प्लॅन हा खरं तर एक साधा फॉर्म. विमानाचा नंबर आणि जात, कुठून कुठे, कोणत्या वाटेने, किती वाजता, किती इंधन, किती माणसं. आंतरराष्ट्रीय नमुन्यात शेवटी एक वेगळा रकाना असतो. त्यात विमानाचा रंग, लाइफ जॅकेट, रबरी होडी, बर्फात किंवा वाळवंटात तगून राहण्याचं सामान यांची नोंद करायची. ही माहिती वाहतूक नियंत्रकाच्या कामाची नाही. पांढरं विमान बर्फात शोधायचं की लाल, हे ज्याला माहीत हवं त्याच्यासाठी ती आहे.

ही पद्धत जन्माला आली ती मात्र शोधासाठी नव्हे, टक्कर टाळण्यासाठी. १९२० मध्ये अमेरिकी टपाल खात्याने टपाल विमानांच्या वाटेवर रेडिओ केंद्रं उभारली. पुढचं हवामान काय आहे आणि विमान कुठवर आलं, हे एका केंद्राने दुसऱ्याला कळवायचं. डिसेंबर १९३५ मध्ये विमान कंपन्यांनी नेवार्कला पहिलं मार्ग-नियंत्रण केंद्र चालू केलं आणि पुढच्याच वर्षी ते सरकारने ताब्यात घेतलं. तिथे रडार नव्हतं. पायलटांनी आधी दिलेल्या वेळा फळ्यावर खडूने लिहायच्या आणि टेबलावरच्या नकाशावर विमानागणिक एक छोटी खूण पुढे पुढे सरकवायची. ढगातून जाणाऱ्या विमानाचा आगाऊ बेत माहीत नसेल तर हे काम होणंच अशक्य, म्हणून उपकरणांच्या भरवशावर उडणाऱ्यांना प्लॅन सक्तीचा झाला. डोळ्यांनी बघत, स्वच्छ हवेत उडणारा हौशी पायलट मात्र मोकळा राहिला. तो अमेरिकेत आजही मोकळाच आहे.

हरवलेलं विमान शोधणं किती अवघड, हे अलास्काला फार आधीच कळलं होतं. नोव्हेंबर १९२९ मध्ये कार्ल बेन आयल्सन हे त्या भागातले नावाजलेले वैमानिक आपल्या मेकॅनिकसह सायबेरियाच्या किनाऱ्याजवळ बर्फात अडकलेल्या ‘नानुक’ जहाजाकडे निघाले. जहाजावर लाखमोलाची फर होती. वाट सगळ्यांना ठाऊक होती, तरी विमान सापडायला ७७ दिवस लागले. जो क्रॉसन आणि हॅरल्ड गिलम या सहकाऱ्यांना बर्फातून वर आलेला एक पंख दिसला तेव्हा कुठे ठिकाण कळलं. आत्ताच्या अलास्कातला पायलट घरच्यांना वेळ सांगून निघतो, त्यामागे अशा कथांचा इतिहास आहे.

कायद्याला जाग आली ती एका कुटुंबामुळे. मार्च १९६७ मध्ये ओरेगनहून कॅलिफोर्नियाकडे निघालेलं एक सेस्ना १९५ ट्रिनिटीच्या डोंगरात कोसळलं. नवरा, बायको आणि तिची किशोरवयीन मुलगी, तिघंही त्या पडण्यातून वाचली. नवरा मदत आणायला म्हणून गेला, तो परतलाच नाही. मायलेकी बर्फ वितळवून पाणी पीत विमानाच्या सांगाड्यात बसून राहिल्या. मुलीने रोजनिशी लिहिली; तिचा सोळावा वाढदिवस त्या सांगाड्यातच आला. नोंदी ५४ दिवसांपर्यंतच्या आहेत. नेमकं कुठे बघायचं हे शोधणाऱ्यांना कळलंच नाही. शरद ऋतूत एका शिकाऱ्याला विमान दिसलं, तोवर सगळं संपलं होतं.

या रोजनिशीने अमेरिका हादरली. सरळ उपाय होता: लांबच्या प्रत्येक उड्डाणाला प्लॅन सक्तीचा करायचा. पण खासगी विमान हे तिथल्या लोकांना आपल्या मोटारीसारखं. गावाला जाताना सरकारला का सांगायचं? त्यामुळे कायद्याने माणसाऐवजी यंत्राला बोलायला लावलं. डिसेंबर १९७० मध्ये कामगारांच्या सुरक्षेसाठी मंजूर झालेल्या कायद्यातच एक कलम घुसवलं गेलं: बहुतेक छोट्या विमानांत धक्का बसताच आपोआप सुरू होणारा बीकन हवा. कारखान्यातल्या कामगारांच्या कायद्यात विमानाचा बीकन, हे अमेरिकी संसदेलाच जमावं.

डबा बसला, पण पहिली पिढी फारच कच्ची निघाली. जोरात उतरलं तरी तो कोकलायचा आणि खऱ्या अपघातात कधी अँटेना तुटून, कधी आगीत जळून गप्प बसायचा. शिवाय जवळून जाणाऱ्या विमानाने ऐकला तरच त्याचा उपयोग. १९८२ मध्ये सोव्हिएत संघाने सोडलेल्या कॉसमॉस १३८३ या उपग्रहाने ते गणित बदललं. शीतयुद्ध ऐन भरात असताना अमेरिका, सोव्हिएत संघ, कॅनडा आणि फ्रान्स यांनी मिळून हा बचावाचा व्यवहार उभा केला होता. त्याच सप्टेंबरात ब्रिटिश कोलंबियाच्या जंगलात पडलेल्या एका छोट्या विमानाचा आवाज उपग्रहाने टिपला आणि तिघं वाचले. हे तिघं स्वतःच दुसऱ्या एका बेपत्ता विमानाच्या शोधात निघालेले होते.

उपग्रह आले तरी कागदाची गरज संपली नाही, याचा दाखला ३ सप्टेंबर २००७ चा. बलूनमधून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे स्टीव्ह फॉसेट नेवाडातल्या एका रँचवरून दोन आसनी विमान घेऊन सकाळी फेरफटका मारायला गेले. दुपारपर्यंत परत, एवढंच सगळ्यांना माहीत. प्लॅन नाही, वाट सांगितलेली नाही. बीकनचा आवाज कुणालाच आला नाही. सुमारे ५० हजार चौरस किलोमीटर धुंडाळले गेले, उपग्रहाच्या चित्रांवर इंटरनेटवरच्या हजारो लोकांनी डोळे ताणले. त्या शोधात पूर्वी कुणालाच माहीत नसलेले अनेक जुने सांगाडे सापडले. फॉसेट सापडले नाहीत. वर्षभराने कॅलिफोर्नियातल्या मॅमथ लेक्सजवळ एका गिर्यारोहकाला त्यांची ओळखपत्रं मिळाली आणि जवळच, तीन हजार मीटरच्या आसपास उंचीवर, विमानाचे तुकडे. रँचपासून शंभरेक किलोमीटरवर. दक्षिणेला जातोय एवढा एक शब्द मागे राहिला असता तर निदान शोधणाऱ्यांचं वर्ष वाचलं असतं. जीव वाचला असता असं नव्हे. आघात तसा होता.

मग बॉग्ज यांच्या विमानाचं काय? तिथे तर प्लॅन होता. हो, आणि त्यामुळेच पहिल्या दुपारीच शोधाची विमानं निघाली. पण प्लॅन एक रेषा देतो. त्या रेषेवर हिमनद्या, कडे आणि खोल समुद्र असेल आणि रेषेच्या शेवटी बीकनही नसेल, तर तो कागद जेमतेम पहिलं पान ठरतो. अलास्काने म्हणूनच सामानाची यादीही कायद्यात घातली होती: शिधा, कुऱ्हाड, प्रथमोपचाराची पेटी, काडेपेट्या, मासे पकडायचं जाळं, डासांपासून डोकं झाकायची जाळी, हिवाळ्यात बर्फात चालायचे बूट आणि एके काळी बंदूकसुद्धा.

भारतात एका विमानतळावरून दुसऱ्याला जायचं तर प्लॅन द्यावा लागतो आणि वर हवाई संरक्षणाचा एडीसी क्रमांकही घ्यावा लागतो, त्यामुळे जुहूहून उडणाऱ्याला अमेरिकी मोकळीक चमत्कारिक वाटेल. अमेरिकेत स्वच्छ हवेतला प्लॅन ऐच्छिक. उडाल्यावर तो उघडायचा, उतरल्यावर स्वतः बंद करायचा. पोहोचण्याच्या वेळेवर अर्धा तास गेला आणि पायलटने कळवलं नाही, की चौकशीला सुरुवात. आधी फोन: उतरायच्या ठिकाणी, मग घरी, मग हँगरमध्ये. बहुतेक वेळा महाशय सुखरूप उतरून जेवायला बसलेले असतात, प्लॅन बंद करायचा तेवढा राहिलेला. अशा फोनना कंटाळून कित्येक जण प्लॅन देणंच टाळतात, हा या सोयीचा उलटा परिणाम.

कॅनडाने यातून मधली वाट काढली आहे. विमानतळापासून २५ सागरी मैलांच्या पलीकडे जायचं तर सरकारकडे प्लॅन द्या, नाहीतर आपला प्रवास एखाद्या जबाबदार माणसाला सांगून जा. तो माणूस बायको असेल, शेजारी असेल, तळ्याकाठच्या मुक्कामाचा मालक असेल. अट एवढीच, की वेळ टळल्यावर शोधपथकाला कळवायचं हे त्याने कबूल केलेलं असावं. प्लॅनवर सवलतीची वेळ लिहिली नसेल तर शोधाची घंटा तासाभराने वाजते. घरच्यांना सांगून गेलेल्यासाठी ती चोवीस तासांनी वाजते. थंडीत चोवीस तास फार होतात, म्हणून जाणते पायलट निघतानाच त्याहून कमी वेळ ठरवून देतात.