पावसाळ्यानंतर मोटारीच्या इंजिनकक्षाची घरच्या घरी सुरक्षित स्वच्छता

चतुर्थी उलटून पावसाचा जोर ओसरला की गोव्यात घरोघरी मोटारी धुण्याची लगबग सुरू होते. छत, काचा आणि चाके लख्ख होतात. बॉनेटखालचा भाग मात्र बहुधा तसाच राहतो. चार महिन्यांत तेथे लाल मातीचा थर, कुजकी पाने आणि तेलकट चिकटा साचलेला असतो. किनाऱ्यालगतच्या गावांत खाऱ्या हवेने धातूच्या भागांवर गंजही धरतो. हा केवळ दिसण्याचा प्रश्न नाही. वाळलेला पाचोळा तापलेल्या एक्झॉस्टपाशी पेट घेऊ शकतो, त्याच्या आडोशाला उंदीर घरटे करून तारा कुरतडतात आणि तेलाची गळती मळाखाली लपून राहते. म्हणून ही स्वच्छता आवश्यक आहे. पण ती चुकीच्या रीतीने झाल्यास फायद्याहून नुकसानच अधिक.

जुनी पद्धत का चालत नाही

कार्ब्युरेटरच्या जमान्यात गॅरेजमधील रॅम्पवर मोटार चढवून इंजिनावर डिझेल फवारले जाई आणि मग पाण्याचा जोरदार फवारा सोडला जाई. त्या इंजिनांत विद्युत भाग मोजकेच असत. आज स्थिती वेगळी आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या बीएस-६ मानकांच्या मोटारींत इंधन, हवा आणि धूर यांवर सेन्सर सतत नजर ठेवतात व ईसीयू हा संगणक त्यांच्या संदेशांवर इंजिन चालवतो. या भागांची जोडणी पावसाचे शिंतोडे सोसते. परंतु प्रेशर वॉशरची तीव्र धार रबरी सीलच्या आत पाणी ढकलते. तो ओलावा कधी लगेच, तर कधी काही आठवड्यांनी गंजाच्या रूपाने त्रास देतो. डिझेल, पेट्रोल व रॉकेल यांनी आगीचा धोका असतो आणि रबरी नळ्याही खराब होतात. घरी या दोन्ही गोष्टी पूर्णपणे टाळाव्यात.

पूर्वतयारी

इंजिन पूर्ण थंड होईपर्यंत हात लावू नये. चालू इंजिनातील कूलंटचे तापमान ९० अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि एक्झॉस्टचे त्याहून कितीतरी अधिक. गरम असताना रेडिएटरचे झाकण उघडल्यास उकळते द्रव अंगावर उसळते. मोटार सपाट जागी, सावलीत उभी करून हँडब्रेक ओढावा, इंजिन बंद करावे आणि चावी दूर ठेवावी. काही मोटारींत रेडिएटरचा पंखा इंजिन बंद असतानाही आपोआप फिरू लागतो, त्यामुळे त्याच्या पात्यांत बोटे घालू नयेत.

बॅटरीची जोडणी सोडवायची असल्यास आधी गाडीची पुस्तिका वाचावी. ऋण टोक प्रथम काढावे आणि शेवटी जोडावे. हायब्रिड व विजेवरील वाहनांतील नारिंगी तारांत उच्च दाबाची वीज असते. त्या तारांना व त्यांच्या पेट्यांना घरी स्पर्शही करू नये.

स्वच्छतेचा क्रम

सुरुवात कोरड्या कामाने करावी. पाने हाताने वेचावीत. विशेषतः पुढच्या काचेखालची जाळी मोकळी करावी. तेथील निचऱ्याची वाट तुंबली तर पाणी गाडीच्या आत शिरू शकते. उंदराचे घरटे किंवा लेंड्या आढळल्यास हातमोजे व मुखपट्टी वापरावी. उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो, म्हणून ती जागा न झाडता जंतुनाशकाने भिजवून पुसावी. कुरतडलेली तार दिसल्यास गाडी सुरू न करता मेकॅनिकला दाखवावी. ताजी तेलगळती दिसल्यास ती पुसण्यापूर्वी छायाचित्र घ्यावे. गळतीचा माग मेकॅनिकच्या उपयोगी पडतो. पेट्रोलचा वास येत असल्यास काम तेथेच थांबवावे.

त्यानंतर मऊ ब्रशने धूळ झाडावी. अल्टरनेटर, फ्यूज बॉक्स, ईसीयू, बॅटरी व एअर फिल्टरचे तोंड प्लास्टिकच्या पिशव्यांनी झाकावे. किती पिशव्या बांधल्या ते मोजून ठेवावे. पाण्यात मिसळणारे सौम्य डिग्रीझर थेट इंजिनावर न फवारता कापडावर किंवा ब्रशवर घ्यावे, चिकटा सोडवावा आणि पिळलेल्या ओल्या कापडाने पुसून घ्यावा. पाण्याची नळी लागतच नाही; कापड आणि बादली पुरते. बॅटरीच्या टोकांवरील पांढुरकी बुरशी काढताना जोडणी सुटलेली असावी. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ब्रशने घासावा, पुसून कोरडे करावे. चकाकी आणणारे द्रव पट्ट्यावर लागू देऊ नये, पट्टा घसरतो.

तेलकट पाणी विहिरीजवळ, शेतात किंवा गटारात सोडू नये. गाडीखाली जुने कापड अंथरून ते टिपून घ्यावे.

वाळवणे आणि तपासणी

पिशव्या मोजून काढाव्यात. एकही आत राहिली तर ती पट्ट्यात अडकू शकते किंवा तापून वितळू शकते. बॉनेट उघडे ठेवून काही तास वाळू द्यावे. गाडी मोकळ्या जागेतच सुरू करावी. बंद गॅरेजमध्ये धुरातील कार्बन मोनॉक्साइड जीवघेणा ठरतो. दहा मिनिटे इंजिन मंद चालवून आवाज व डॅशबोर्डवरील दिवे पाहावेत. इंजिन अडखळत असेल किंवा चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर गाडी बंद करून मेकॅनिकला बोलवावे. तशीच चालविल्यास न जळलेले इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरपर्यंत जाऊन तो महागडा भाग निकामी करू शकते.

वर्षातून दोनदा, म्हणजे पावसापूर्वी आणि पावसानंतर, एवढी निगा पुरेशी आहे. मधल्या काळात पंधरा दिवसांनी बॉनेट उघडून पाचोळा वेचला तरी मोठ्या सफाईची गरज बरीच कमी होते.