विजेचा ठोक व्यापार

आमच्या बुलढाणा जिल्ह्याची ओळख कापसाची. 1870 सालीं लॉर्ड मेयो यांच्या हस्तें जलंब-खामगांव ही आगगाडीची शाखा सुरू झाली, आणि खामगांवच्या बाजारांतील गांठींना मुंबईची वाट सोपी झाली. त्या मुंबईच्या गिरण्या तेव्हां वाफेवर चालत. कोळसा दुरून आणावा लागे, आणि त्याच्या धुरानें शहर काळवंडे.

ह्यावर सह्याद्रीच्या पावसाचा उतारा जमशेटजी टाटांनीं योजिला. परंतु तो अमलांत येण्यापूर्वींच, 1904 सालीं, ते निवर्तले. त्यांच्या पुत्रांनीं तो संकल्प पुढें नेला. 1910 सालीं कंपनी स्थापन झाली, 1911 सालीं लोणावळ्यास पायाभरणी झाली, आणि 8 फेब्रुवारी 1915 रोजीं गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांनीं खोपोलीच्या योजनेचें उद्घाटन केलें. लोणावळा, वळवण व शिरवता येथील तलावांचें पाणी सुमारें 1,700 फूट खालीं आणून त्यावर चक्रें फिरविलीं. परंतु वीज उत्पन्न करणें एक, आणि ती सुमारें 43 मैलांवरील गिरण्यांना पोंचविणें दुसरें.

येथें एक साधा हिशेब लक्षांत घ्यावा. विजेची शक्ति म्हणजे दाब आणि प्रवाह यांचा गुणाकार. तारेंत उष्णतेच्या रूपानें होणारा नाश मात्र प्रवाहाच्या वर्गाप्रमाणें वाढतो. दाब दहापट केला, तर तीच शक्ति एकदशांश प्रवाहानें जाते, आणि नाश शंभरावा हिस्सा उरतो. म्हणून खोपोलीची वीज सुमारें एक लाख व्होल्ट दाबानें परळास आणिली. तेथें रोहित्रांनीं दाब उतरवून जमिनीखालच्या केबलींतून ती गिरण्यांना दिली.

आजही रीत तीच आहे. आपल्या घरीं वीज 230 व्होल्टनें येते. मोठा कारखाना मात्र ती 11,000, 33,000 किंवा त्याहूनही अधिक दाबानें घेतो, आणि आपल्या आवारांत स्वतःच्या रोहित्रानें उतरवितो. त्याच्या बिलाचे मुख्य भाग दोन: वापरलेल्या युनिटांचा एक, आणि कमाल मागणीचा दुसरा. कारखाना वर्षांतून चारच महिने चालला, तरी त्याच्यासाठीं तारा व यंत्रें बारा महिने सज्ज ठेवावीं लागतात. दुसरा आकार त्या सज्जतेचा.

आगगाडी हेंही असेंच मोठें गिऱ्हाईक. 3 फेब्रुवारी 1925 रोजीं मुंबई-कुर्ला मार्गावर 1,500 व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर गाडी धांवली. आज मलकापूर, नांदुरा, शेगांव या आमच्या स्थानकांवरून जाणाऱ्या गाड्यांना वरच्या तारेंतून 25,000 व्होल्ट मिळतात.

परंतु ह्या व्यापाराच्या खातेवहींत एक पान असें आहे कीं तें उलटून पुढें जातां येत नाहीं. भिरा येथील वीजघरासाठीं मुळशीस धरण योजिलें, तेव्हां मावळांतील भातखाचरें व घरें पाण्याखालीं जाणार होतीं. 1921 सालीं तेथें सत्याग्रह उभा राहिला, आणि सेनापति बापटांनीं त्यासाठीं कारावास सोसला. 1924 पर्यंत लढा ओसरला, धरण झालें, आणि 1927 सालीं भिऱ्याची वीज सुरू झाली.

मोठीं गिऱ्हाइकें नसतीं, तर एवढें भांडवल कोणी घातलें नसतें, आणि लहान घरांपर्यंत दिवा पोंचण्यास अधिक काळ लागला असता. हें मला मान्य आहे. परंतु मुंबईच्या गिरणींत चाती फिरली, तेव्हां तिची किंमत केवळ गिरणीमालकानेंच भरली असें नव्हे. मुळशीच्या शेतकऱ्यानेंही भरली, आणि त्याची पावती त्यास मिळाली नाहीं. आमच्या शेजारीं पारस येथें 2008 व 2010 सालीं 250 मेगावॅटचे दोन संच सुरू झाले. उंच मनोऱ्यांवरून अशी वीज दूर जाते, तेव्हां खालच्या शेतांतील पंपास ती वेळेवर मिळते कीं नाहीं, हेंही त्याच खात्यांत मांडलें पाहिजे. ठोक व्यापाराचा खरा ताळेबंद तोच.