गिटारचा ऑनलाइन कॉर्ड चार्ट बरोबर आहे की चूक? कानाने कसे ओळखायचे?

एखादे गाणे गिटारवर बसवायचे म्हटले की बहुतेक जण आधी मोबाइलवर त्याचे कॉर्ड शोधतात. एकाच गाण्याचे चार चार्ट सापडतात आणि चारही वेगळे असतात. त्यातला एक निवडून वाजवायला घेतले की कुठेतरी खटकते. नवशिक्याला वाटते, बोटे नीट पडत नाहीत किंवा आपल्याला कानच नाही. काही जण तिथेच गिटार ठेवून देतात. प्रत्यक्षात अनेकदा चूक चार्टमध्ये असते. ती शोधायला स्वरलिपी वाचता यावी लागत नाही. नेमके काय ऐकायचे, हे माहीत असले तर साधा कान आणि ट्यूनमधली गिटार पुरते.

चार्टमध्ये चुका का असतात?

इंटरनेटवरचे बहुतेक चार्ट संगीतकाराने दिलेले नसतात. कुणीतरी गाणे ऐकून, आपल्या अंदाजाने लिहिलेले असतात. एकाने लिहिलेला चार्ट दुसरीकडे जसाच्या तसा उचलला जातो, त्यामुळे दहा ठिकाणी तीच कॉर्ड दिसली तरी ती दहा जणांनी पडताळलेली असेलच असे नाही. चांगले रेटिंग अचूकतेमुळेच मिळते असेही नाही, सोप्या चार्टलाही भरपूर तारे मिळतात. बार कॉर्ड अवघड जाते म्हणून बी मायनरच्या जागी मुद्दाम सोपी कॉर्ड लिहिणारेही असतात.

गाणे ऐकून आपोआप कॉर्ड दाखवणारी ॲप्सही चुकतात. अशा अनेक पद्धतींमध्ये सगळे सप्तक एकावर एक ठेवून फक्त १२ स्वरांचा हिशेब मांडला जातो. कोणता स्वर सर्वात खाली वाजतो, ही माहिती त्यात पुसट होते. सी सिक्स्थ आणि ए मायनर सेव्हन्थ या दोन कॉर्डमध्ये सी, ई, जी, ए हे चारही स्वर सारखेच असतात. त्यांतला फरक फक्त खालचा स्वर सांगतो.

आधी काय तपासावे?

पहिला प्रश्न असा: चार्ट सगळीकडे खटकतो की एखाद्याच जागी? सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखेच बेसूर वाटत असेल, तर कॉर्ड नव्हे तर पट्टी जुळत नाही. गिटार ट्यून आहे का, कॅपो कोणत्या फ्रेटवर सांगितला आहे, हे आधी पाहावे. कॅपो एक फ्रेट पुढे सरकला की सगळे स्वर अर्ध्या स्वराने चढतात. जीचा आकार दुसऱ्या फ्रेटवर कॅपो लावून धरला, तर ऐकू येते ती ए कॉर्ड.

म्हणूनच दिसायला वेगळे असलेले दोन चार्ट एकाच वेळी बरोबर असू शकतात. 'हॉटेल कॅलिफोर्निया'चा एक चार्ट बी मायनरने सुरू होतो, तर दुसरा सातव्या फ्रेटवर कॅपो लावून ई मायनरने. कानाला दोन्ही एकच आहेत.

काही जुन्या रेकॉर्डिंगचा वेग किंचित कमी-जास्त असतो आणि गाणे दोन स्वरांच्या मध्ये अडकते. अशा वेळी गिटारच थोडी चढवून किंवा उतरवून घ्यावी. पट्टी जुळल्यावरही एखाद्याच जागी खटकले, तर संशय कॉर्डवर घ्यावा.

पहिली कसोटी: खालचा स्वर

कॉर्ड बदलते तेव्हा सर्वात स्पष्ट साक्ष बेस देतो. मोबाइलच्या छोट्या स्पीकरमधून खालचे स्वर क्षीण येतात, म्हणून हेडफोन लावावा. यूट्यूबवर वेग ०.७५ किंवा ०.५ केला तरी पट्टी बदलत नाही. त्या वेगात खालचा स्वर पकडून गुणगुणावा, मग गिटारच्या सहाव्या किंवा पाचव्या तारेवर तो शोधावा. सापडत नसेल तर ट्यूनर ॲपसमोर गुणगुणले की स्वराचे नाव दिसते. सप्तक वर-खाली झाले तरी चालते.

चार्टमध्ये लिहिलेल्या कॉर्डचे नाव आणि हा स्वर जुळला, तर ती कॉर्ड बरोबर असण्याची शक्यता वाढते. जुळला नाही तर लगेच चार्ट चुकीचा ठरवू नये, कारण बेस दर वेळी मूळ स्वरच वाजवतो असे नाही. अनेक गाण्यांत जीवरून ई मायनरकडे जाताना बेस सहाव्या तारेवर पायऱ्या उतरतो: तिसरा फ्रेट, दुसरा फ्रेट, मग मोकळी तार. मधली कॉर्ड डी असते, पण तिच्या खाली एफ शार्प वाजतो. चार्टमध्ये नुसते 'डी' लिहिले असेल तर ते अर्धवट आहे. 'बी मायनर' लिहिले असेल तर बहुधा लिहिणाऱ्याची फसगत झाली आहे, कारण डी आणि एफ शार्प हे स्वर दोन्हींत आहेत.

दुसरी कसोटी: गंधार कोणता?

मेजर आणि मायनर कॉर्डमधला फरक मराठी कानाला सरगमच्या भाषेत पटकन कळतो. कॉर्डचा मूळ स्वर सा धरला, तर मेजर म्हणजे सा, शुद्ध गंधार आणि पंचम. मायनर म्हणजे सा, कोमल गंधार आणि पंचम. फरक त्या एका गंधाराचा.

म्हणून शंका आली की पूर्ण कॉर्ड झोडपण्याऐवजी गाण्याबरोबर तो एकच स्वर छेडून पाहावा:

- ई की ई मायनर? तिसऱ्या तारेचा पहिला फ्रेट आणि मग मोकळी तिसरी तार.
- ए की ए मायनर? दुसऱ्या तारेचा दुसरा फ्रेट आणि मग पहिला.
- डी की डी मायनर? पहिल्या तारेचा दुसरा फ्रेट आणि मग पहिला.

दोनपैकी एक स्वर गाण्यात विरघळून जातो, दुसरा टोचतो. दोन्ही टोचत असतील तर कॉर्डच वेगळी आहे. दोन्ही चालत असतील तर कदाचित त्या जागी गंधारच वाजत नाही. रॉक गाण्यांत डिस्टॉर्शनवर वाजणाऱ्या पॉवर कॉर्डमध्ये फक्त सा आणि पंचम असतात, तिथे मेजर-मायनरचा वादच उरत नाही.

सी आणि ए मायनर: नेहमीची गल्लत

चार्टमधल्या पुष्कळ चुका 'जवळच्या' कॉर्डच्या असतात. सी म्हणजे सी, ई, जी आणि ए मायनर म्हणजे ए, सी, ई. तीनपैकी दोन स्वर सारखे असल्याने एकीच्या जागी दुसरी वाजवली तरी फारसे बिघडल्यासारखे वाटत नाही. जी आणि ई मायनर, एफ आणि डी मायनर या जोड्याही अशाच.

इथेही उपाय एका स्वराचाच आहे. सी आणि ए मायनर यांच्यात फरक फक्त जी आणि ए या स्वरांचा. मोकळी तिसरी तार म्हणजे जी, तिचाच दुसरा फ्रेट म्हणजे ए. गाण्याच्या त्या जागी दोन्ही आळीपाळीने वाजवावेत आणि पहिल्या कसोटीतला बेसचा स्वर सोबत ठेवावा. दोन्ही साक्षी एकाच कॉर्डकडे बोट दाखवत असतील तर निर्णय झाला.

नियमावर विसंबावे का?

प्रत्येक पट्टीत ठरावीक कॉर्ड नैसर्गिकपणे बसतात. जी मेजरमध्ये जी, ए मायनर, बी मायनर, सी, डी आणि ई मायनर या नेहमी भेटतात. चार्टमध्ये यांच्याबाहेरची कॉर्ड दिसली तर ती जागा नीट ऐकावी, एवढेच या यादीचे काम. तेवढ्यावरून कॉर्ड खोडू नये.

'हॉटेल कॅलिफोर्निया'चेच उदाहरण घ्यावे. गाणे बी मायनरमध्ये आहे. त्या पट्टीच्या साध्या नियमाने दुसरी कॉर्ड एफ शार्प मायनर असायला हवी. गाण्यात मात्र एफ शार्प मेजर वाजते. बीला सा मानले तर या कॉर्डमध्ये कोमल निषादाऐवजी शुद्ध निषाद लागतो. तिसऱ्या तारेचा दुसरा आणि तिसरा फ्रेट त्या जागी वाजवून पाहिले की तिसराच जुळतो. इथे नियमाने 'दुरुस्त' केलेला चार्ट चुकीचा ठरतो.

अभंग आणि रागावर आधारित गाण्यांचे काय?

पाश्चात्त्य पॉप गाण्यात कॉर्ड रेकॉर्डिंगमध्येच वाजलेल्या असतात, त्यामुळे 'मुळात काय आहे' याला उत्तर असते. फक्त तानपुरा, हार्मोनियम, टाळ आणि पखवाजाच्या साथीने गायलेल्या अभंगात बहुधा कॉर्ड नसतातच. तिथे चार्ट ही नोंद नसून कुणीतरी केलेली निवड असते. दोन वेगळे चार्ट दोन्ही चांगले असू शकतात.

तरीही कसोटी आहेच: चार्टची कॉर्ड रागाच्या स्वरांशी भांडते का? यमनमध्ये मध्यम तीव्र असतो. सा म्हणजे सी (पांढरी एक) धरला तर तीव्र मध्यम म्हणजे एफ शार्प. गायक त्या स्वरावर थांबला असताना चार्टमध्ये एफ कॉर्ड असेल, तर तिच्यातला शुद्ध मध्यम त्याच्याशी सरळ टक्कर घेतो. डी कॉर्डमध्ये मात्र एफ शार्प आहे, ती तिथे बसू शकते. सवयीने सी-एफ-जी लिहून मोकळे झालेले चार्ट अशा जागी उघडे पडतात.

कान फसतो केव्हा?

गिटार मोठ्याने वाजवत गाणे ऐकले की स्वतःचीच कॉर्ड कानात भरते आणि सगळे बरोबर वाटू लागते. म्हणून आधी ऐकावे, मग वाजवावे. कॉर्ड एकदाच छेडून हात थांबवावा आणि गाणे पुढे काय म्हणते ते ऐकावे. चार्ट आधी पाहिला तर कानही तेच ऐकू लागतो. शंकेची जागा चार्ट झाकून ऐकणे चांगले. कॉर्ड बरोबर असूनही एखादा ठोका आधी किंवा नंतर लिहिली असेल तर ती चुकीची वाटते. कॉर्डचे नाव बदलण्यापूर्वी तिची जागा हलवून पाहावी.

काही आवाज खरोखर कठीण असतात. बीटल्सच्या १९६४ च्या 'अ हार्ड डेज नाइट'ची पहिली झणकार कोणती, यावर अनेक दशके वाद झाला. बारा तारांची गिटार वाजवणाऱ्या जॉर्ज हॅरिसन यांनी २००१ मध्ये आपली कॉर्ड सांगितली: एफ आणि वर जी. बेसचा स्वर मात्र पॉल मॅकार्टनी यांना विचारावा, असेही ते म्हणाले. कॅनडातील डलहौसी विद्यापीठाचे गणितज्ञ जेसन ब्राऊन यांनी त्या आवाजाचे गणिती पृथक्करण करून त्यात पियानोही असल्याचे मत मांडले. अनेक वाद्यांचा मिळून झालेला आवाज एका गिटारच्या चौकटीत पूर्ण मावत नाही, हे यावरून दिसते.

किती अचूकता पुरेशी?

मित्रांमध्ये गाणे म्हणायचे असेल तर सेव्हन्थ किंवा सस्पेंडेड कॉर्डऐवजी साधी मेजर-मायनर चालून जाते. त्याला चूक नव्हे, सोपेपणा म्हणावे. मात्र बेसशी न जुळणारी मूळ कॉर्ड, उलटा गंधार आणि चुकीच्या ठोक्यावरचा बदल या तीन गोष्टी गाणे बिघडवतात. त्या सापडल्या की चार्टवर खूण करून दुरुस्ती लिहून ठेवावी. दहा-बारा गाण्यांना अशा दुरुस्त्या केल्या की बेस आणि गंधार आपोआप ऐकू येऊ लागतात आणि पुढच्या गाण्याला चार्ट फक्त सुरुवातीचा अंदाज म्हणून लागतो.