ट्रेल सायकल, फुल-सस्पेन्शन
पुढच्या व मागच्या अशा दोन्ही चाकांना धक्के शोषणारी यंत्रणा असलेली, डोंगरातील चढउतारांच्या पायवाटांसाठीची सायकल. आधुनिक माउंटन बाइकचा (पहा : सायकल) उगम १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियातील मरिन परगण्यात झाला, पुढचे सस्पेन्शन १९९०च्या सुमारास रूढ झाले व मागचे त्यानंतर स्थिरावले. चाकाच्या उभ्या हालचालीस ‘ट्रॅव्हल’ म्हणतात व ट्रेल प्रकारात ते साधारणतः १२० ते १५० मिमी. असते. आंबेगाव तालुक्यातील तळेघरच्या परिसरात, जेथे बेसाल्टचे सुटे दगड उन्हाळ्यात घसरतात आणि पावसाळ्यात त्यांवर शेवाळ धरते, तेथे जादा ट्रॅव्हलपेक्षा स्वाराच्या उंचीला जुळणारा सांगाडा, रुंद ट्यूबलेस टायर आणि हायड्रॉलिक डिस्क ब्रेक अधिक निर्णायक ठरतात.

स्वार नेहमीच्या सामानासह पेडलांवर उभा राहिल्यावर त्याच्या भाराने सस्पेन्शन जितके दबते, त्यास ‘सॅग’ म्हणतात. मागचा शॉक (धक्काशोषक) त्याच्या स्ट्रोकच्या, म्हणजे दांडा जास्तीत जास्त दबू शकतो त्या अंतराच्या, २५ ते ३०% दबावा, म्हणजे ५० मिमी. स्ट्रोकच्या शॉकच्या दांड्यावरील रबरी कडे १२.५ ते १५ मिमी. सरकावे, आणि ते त्याहून अधिक सरकल्यास शॉकपंपाने हवा भरावी. हवेचा दाब वाढला की शॉक वेगाने उसळतो, म्हणून ‘रिबाउंड’ची कळ फिरवून ती उसळी मंद करावी लागते. चिखल सांध्यांच्या बेअरिंगांत शिरत असल्याने पावसाळ्यानंतर ती तपासणे आवश्यक असते. तळेघरलगतच्या अभयारण्यातील (पहा : भीमाशंकर) वाटांवर वनविभागाचे नियम लागू होतात.