केज ते कोकण : कुलस्वामिनीची वाट

बीड जिल्ह्यातील केज या गावी माझे एक जुने स्नेही राहतात. गेल्या मार्गशीर्षात त्यांच्या घरी नऊ दिवसांच्या यात्रेची सिद्धता चालली होती. पौर्णिमेस अंबाजोगाईच्या योगेश्वरीचे दर्शन घ्यावयाचे, तेथून पंढरपूर, मग घाट उतरून चिपळूण, आणि पुढे समुद्राच्या कडेकडेने एकेक देवस्थान करीत हरिहरेश्वरापर्यंत जावयाचे, असा बेत होता. घरातील मुले फोनवरच्या नकाशात मैल आणि तास मोजीत होती. स्नेह्यांच्या मातोश्री पंचांग उघडून बसल्या होत्या. मी इतिहासाचा अभ्यासक म्हणून मला मध्ये ओढण्यात आले. ‘देशावरच्या माणसांनी देवदर्शनास कोकणात उतरावे, अशी वहिवाट पूर्वी होती काय?’ असा धाकट्या मुलाचा प्रश्न होता.

श्रोतेहो, त्या प्रश्नाचे उत्तर देता देता जे आठवले तेच आज आपल्यापुढे ठेवीत आहे. वहिवाट होती, परंतु मुख्यतः ती उलट दिशेची होती. देशावरून कोकणात देवासाठी जाणारे थोडे. कोकणातून अंबाजोगाईस येणारे मात्र पिढ्यान् पिढ्या आले. कारण योगेश्वरी ही कोकणातील कितीतरी घराण्यांची, विशेषतः चित्पावनांची, कुलस्वामिनी. ज्यांच्या अंगणाशी समुद्राची गाज ऐकू येते, त्यांची आई मात्र तेथून सुमारे चारशे किलोमीटरांवर, बालाघाटाच्या पठारावर जयंती नदीच्या काठी बसलेली आहे. केजहून ती दहाएक कोसांवर. गुहागर-दापोलीहून मात्र सव्वाशे कोस. कुलदैवत इतके दूर का असावे?

लोकांनी याचे उत्तर कथेने दिले आहे. देवी मूळची कोकणची. परळीच्या वैजनाथाशी तिचे लग्न ठरले. वऱ्हाड निघाले, घाट चढले, पण मुहूर्त टळला. मग देवी परळीस गेली नाही आणि माघारीही फिरली नाही. ती आंब्यासच कुमारिका म्हणून राहिली. वऱ्हाडाच्या शिळा झाल्या असे सांगतात, आणि हत्तीखाना म्हणून जे कोरीव लेणे तेथे आहे, त्यातील दगडी हत्तींकडे बोट दाखवतात. परळी तेथून जेमतेम आठ कोस. इतक्या जवळ येऊन राहिलेली ती वधू आहे, आणि ही कथा ऐकताना मला तिच्या मुहूर्तापेक्षा तिच्या प्रवासाचाच अधिक विचार पडतो. कथा रचणाऱ्यास वाट ठाऊक होती. कोकणातून निघालेले वऱ्हाड वेळेवर पोहोचणे किती कठीण, हे त्याने पायांनी अनुभवले असावे.

इतिहास कथेइतका बोलका नाही. अंबाजोगाई हे यादवकाळी मोठे नगर होते, एवढे निश्चित. सिंघण यादवाचा सेनापती खोलेश्वर याचे शिलालेख तेथे आहेत. त्याचा मुलगा राम गुजरातच्या स्वारीत पडला, तेव्हा बहीण लक्ष्मी हिने भावाच्या नावाने रामनारायणाचे देऊळ उभारले, ही गोष्ट 1240 च्या लेखात कोरलेली आहे. पुढे पाव शतकाने, 1265 च्या सुमारास, महादेव यादवाने ठाण्याच्या शिलाहार सोमेश्वराचा पाडाव केला. सोमेश्वर समुद्रात बुडाला. बोरिवलीजवळच्या एकसर येथील वीरगळांवर कोरलेल्या नौका याच युद्धाच्या, असे अभ्यासक मानतात. येणेप्रमाणे पठारावरील सत्ता समुद्रापर्यंत जाऊन भिडली. कुलदेवतेचा संबंध याच काळी जडला असे मी म्हणणार नाही, कारण तसा पुरावा नाही. परंतु घाटाखालचा मुलूख आणि घाटावरचा मुलूख एका राज्यात आला, की लेखक, भिक्षुक, व्यापारी आणि सोयरीक जुळवणारे यांची पावले त्याच वाटेने पडू लागतात. देव त्यांच्या मागून जातात की पुढून, हे ज्याचे त्याने ठरवावे.

आता ती वाट पाहा. चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून हेळवाक, पाटण, कऱ्हाड. तेथून माणदेश ओलांडून पंढरपूर. पुढे बारशी, येरमाळा, कळंब आणि केज. वाटेत कृष्णा, भीमा, सीना आणि मांजरा आडव्या. पूल नव्हते तेव्हा एकेक नदी म्हणजे एकेका मुक्कामाचा प्रश्न असे. कुंभार्लीतून मीठ, नारळ आणि सुकी मासळी वर जाई, धान्य आणि गूळ खाली येई. या लमाणी बैलांच्या तांड्यांसोबत यात्रेकरू घाट चढत, कारण एकट्याने जाणे धोक्याचे. कोणी तट्टावर, कोणी डोलीत, बहुतेक पायी. जाऊन येऊन दोन महिने सहज मोडत. म्हणूनच ज्यास जाणे होत नसे तो देवघरात देवीचा टाक पुजी, आणि कुलाचाराचा पैसा निराळा बांधून ठेवी, कोणीतरी जाणारा भेटेल या आशेवर.

देवीचा उत्सव मार्गशीर्ष शुद्ध सप्तमीपासून पौर्णिमेपर्यंत असतो, आणि या तिथींमागे मला शेतकऱ्याचे व्यवहारज्ञान दिसते. तोवर कोकणात भात झोडून कणग्यांत पडलेले असते, देशावर रब्बीची पेरणी आटोपलेली असते, नद्यांना उतार मिळालेला असतो आणि समुद्रही नारळी पौर्णिमेपासून मोकळा झालेला असतो. आश्विनातील नवरात्रात कोकणच्या शेतकऱ्याने घर सोडणे दुरापास्तच होते.

एकोणिसाव्या शतकात ही वाट हळूहळू मोडली. 1830 मध्ये बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला. 1863 मध्ये आगगाडीही घाट चढली. कोकणचा यात्रेकरू आता बोटीने मुंबईस जाई, तेथून पुण्यावरून बारशी रोड म्हणजे आजचे कुर्डुवाडी गाठी. तेथे बारशी लाइटची अडीच फुटी रुळांची छोटी गाडी उभी असे. ती 1897 मध्ये बारशीपर्यंत आणि 1911 मध्ये लातूरपर्यंत गेली. येडशीस उतरून पुढे बैलगाडीने कळंबवरून आंबे गाठता येई. नकाशावर पाहिले तर हा मोठाच वळसा. परंतु दोन महिन्यांची यात्रा पंधरवड्यात आली, आणि वृद्ध स्त्रियांनाही कुलस्वामिनी दिसू लागली, हे या छोट्या गाडीचे पुण्य मानावे लागेल.

एक अडचण मात्र आगगाडीनेही सुटली नाही. बारशी सोडली की निजामाचे राज्य लागे. करोडगिरीच्या नाक्यावर गाठोडी सोडून दाखवावी लागत. देवीसाठी आणलेली नवी लुगडी आणि खण जकातीच्या नजरेत भरत. नाणे बदलावे लागे : सहा कलदार रुपयांस सात हाली हा सरकारी भाव. सरकारी कागदात आंब्याचे नाव मोमिनाबाद, तेव्हा नवख्या माणसास वेळापत्रकात आपल्या देवीचे गावच सापडत नसे. पेशव्यांच्या ऐन भरभराटीतही हे गाव त्यांच्या हाती पक्के राहिले नाही. ज्यांचा दरारा अटकेपर्यंत गेला, त्यांच्याच जातभाईंस कुलदेवतेचे दर्शन परमुलखात जाऊन घ्यावे लागे, हा इतिहासातील एक चमत्कारिक योग होय. 1948 च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान विलीन झाले, 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि केज व चिपळूण एका सरकारखाली आले.

असो. केजच्या ओसरीवर परतू. मुलांच्या बेतात एक उणीव होती. हरिहरेश्वरास देवळामागून समुद्रात उतरणारी जी प्रदक्षिणेची वाट आहे, ती ओहोटीलाच मोकळी असते. भरतीच्या वेळी तेथे गेल्यास लाटा माणूस ओढून नेतात. रस्त्याच्या नकाशास हे ठाऊक नव्हते. मी त्यांना कोकणातील खलाशांचा आडाखा सांगितला : तिथीची पाऊणपट करावी, तितक्या वाजता भरती. पौर्णिमेनंतर वद्य प्रतिपदेपासून पुन्हा एक धरावयाचे. मातोश्रींनी लगेच बोटांवर गणित मांडले. पंचमीस पाचाची पाऊणपट पावणेचार. म्हणजे ओहोटी सकाळी दहाच्या सुमारास. मग सगळा बेत तिकडूनच मागे रचला गेला. पंचमीस सकाळी हरिहरेश्वर, म्हणून चतुर्थीच्या रात्री मुक्काम तेथेच. चतुर्थी म्हणजे संकष्टी, तेव्हा त्या दिवशी आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती आपोआप आला. तृतीयेस गुहागरचा व्याडेश्वर आणि हेदवीचा दशभुज गणेश. चतुर्थीस सकाळी धोपावे-दाभोळची फेरीबोट, सायंकाळी वेसवी-बागमांडल्याची, कारण या खाड्या मोटारीसकट बोटीतूनच ओलांडण्याचा मार्ग सोयीचा. द्वितीयेस चिपळूण आणि परशुराम, प्रतिपदेस पंढरपूर. मुलांनी फोनवर भरतीचे कोष्टक शोधून ताडून पाहिले. अंतर वीस मिनिटांचे निघाले. मातोश्री म्हणाल्या, ‘‘वीस मिनिटं देवळात बसू रे, बिघडलं काय?’’

यात्रा ठरल्याप्रमाणे पार पडली, ती हकिकत मला मागाहून कळली. त्यातील एकच प्रसंग सांगतो. गुहागरास ज्या घरी ते उतरले होते, तेथील आजींनी सहज विचारले, ‘‘कुठून आलात म्हणायचे?’’ केज हे नाव त्यांनी ऐकलेले नव्हते. ‘‘अंबाजोगाईच्या अलीकडे, दहाएक कोसांवर,’’ असे मातोश्रींनी सांगताच आजी उठून उभ्या राहिल्या. ‘‘अहो, म्हणजे तुम्ही आमच्या आईच्या अंगणातल्या! मी लग्न झाल्यावर एकदा आले होते. आता गुडघे बसू देत नाहीत की उठू देत नाहीत.’’ दुसऱ्या दिवशी पहाटे निघताना त्यांनी मातोश्रींची ओटी भरली, आणि एक नारळ, मूठभर तांदूळ, हिरवा खण व एका जुन्या फडक्यात बांधलेले काही रुपये वेगळे हाती दिले. त्यात किती होते ते आजींनी सांगितले नाही आणि मातोश्रींनी विचारले नाही.

नवव्या दिवशी तिन्हीसांजेस गाडी केजच्या वेशीशी आली. मुले थकली होती. घर हाकेच्या अंतरावर होते. मातोश्री म्हणाल्या, ‘‘गाडी सरळ आंब्याला घ्या.’’