इंटरनेट नेमकं कशात मोजतात?

गेल्या महिन्यात दोन दिवस सांगलीला घरी गेलो होतो. चहा यायच्या आधीच अण्णांनी वही पुढ्यात टाकली.

"ह्यातलं कुठलं घ्यायचं ते सांग."

आमच्या घरची जुनी तांब्याच्या तारेची लाईन काढून फायबर घ्यायचं चाललंय. विश्रामबागच्या आमच्या गल्लीत आता तीन-चार जणांचं फायबर मिळतं, त्यामुळं अण्णांनी रीतसर तक्ता केलाय. कंपनी, महिन्याचे पैसे, स्पीड, लिमिट, डिपॉझिट, फोन फुकट की नाही, असे सहा रकाने. अण्णा आयुष्यभर हिशेबाच्या खात्यात होते, तेव्हा रकाने सरळ आणि अक्षर मोत्यासारखं हे ओघानं आलंच.

मी उत्तर द्यायचं सोडून वहीची मागची पानं चाळत बसलो. कारण ती वही जुनी आहे. घरात पहिला मोडेम आला तेव्हापासूनचा प्रत्येक हिशेब तीत आहे. वाचता वाचता एक गंमत लक्षात आली. आपण इंटरनेट घेतो म्हणतो, पण दर काही वर्षांनी आपण वेगळीच वस्तू विकत घेत होतो. आधी तास, मग एमबी, मग वेग. माप बदललं की घरातली माणसंही बदलली. तीच गोष्ट आज सांगायची आहे. ताई, तू वाचत असशीलच. काही चुकलं असेल तर सांग, पण आईला फोन करून नको :)

तर सुरुवात तासांपासून. भारतात सर्वसामान्य माणसाला इंटरनेट मिळायला लागलं ते १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगम म्हणजे व्हीएसएनएलकडून, आणि तेही आधी मोठ्या शहरांत. ९.६ केबीपीएसचा वेग. विद्यार्थ्यांची सवलत सोडली तर २५० तासांना किमान पाच हजार रुपये. म्हणजे तासाला वीस रुपये, वर फोनचं बिल वेगळं. ह्या वेगानं चार एमबीचं एक गाणं उतरवायला जवळजवळ तास लागला असता. आमच्यासारख्या गावातल्यानं ते लावायचं म्हटलं तर एसटीडी लावून, म्हणजे विचारही नको.

१९९८ च्या नोव्हेंबरात सरकारनं धोरण बदललं, व्हीएसएनएलची मक्तेदारी गेली आणि खासगी कंपन्या आल्या. २००० च्या १ ऑक्टोबरला बीएसएनएल जन्माला आली आणि त्यांचं 'संचारनेट' आमच्यासारख्यांच्या घरात शिरलं. तेव्हाचं पॅकेज म्हणजे तासांचं. इतके तास वापरा, संपले की पुन्हा पैसे भरा. अण्णांच्या वहीत त्या पानावर दोन आकडे शेजारी शेजारी आहेत. एक इंटरनेटच्या तासाचा, दुसरा फोनचा. तीन मिनिटांना एक कॉल, कॉलला १ रुपया २० पैसे, म्हणजे तासाला चोवीस रुपये निव्वळ फोनचे. पुष्कळांचा हिशेब इथंच चुकायचा. पॅकेज स्वस्त दिसायचं, खरा खर्च टेलिफोनच्या बिलात लपलेला असायचा.

तासावर इंटरनेट मिळायचं तेव्हा माणसं कशी वागायची आठवतंय का? मी मेल आधी नोटपॅडमध्ये लिहून ठेवायचो. मग ते कर्णकर्कश किर्रर्र.. जोडलं गेलं की पटकन चिकटवायचं, पाठवायचं आणि बंद! आलेली मेल वाचायचीसुद्धा लाईन तोडून. तेवढ्या वेळात घरचा फोन एंगेज. मिरजेच्या आत्यानं एकदा तासभर फोन लावून शेवटी रिक्षा केली आणि दारात येऊन विचारलं, "सगळं ठीक आहे ना रे तुमच्याकडं?"

मग आलं ब्रॉडबँड. ऑक्टोबर २००४ मध्ये केंद्र सरकारनं ब्रॉडबँड धोरण जाहीर केलं आणि व्याख्या केली, की किमान २५६ केबीपीएस वेग असेल तर त्याला ब्रॉडबँड म्हणायचं. (ही किमान मर्यादा पुढं २०१३ साली ५१२ केबीपीएस झाली आणि २०२३ साली २ एमबीपीएस.) जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलनं 'डेटावन' सुरू केलं. तंत्र एडीएसएल. म्हणजे तीच फोनची तार, पण बोलण्याची कंपनं खालच्या पट्टीत आणि इंटरनेटची वरच्या पट्टीत, दोन्ही वेगळी करायला एक छोटी डबी. फोन आणि इंटरनेट एकाच वेळी! आत्याची रिक्षा वाचली.

पण घड्याळ गेलं आणि तराजू आला. आता एमबी मोजायच्या. लवकरच आलेल्या अडीचशे रुपयांच्या पॅकेजमध्ये महिन्याला ४०० एमबी मिळायच्या, पुढं एमबीला साधारण रुपयाच्या आसपास. २५६ केबीपीएसनं सलग उतरवत बसलात तर ४०० एमबी साडेतीन तासांत संपतात. महिन्याचं इंटरनेट साडेतीन तासांत! पुढं १ जानेवारी २००७ पासून वेग २ एमबीपीएसपर्यंत वाढवला आणि त्या पॅकेजची मर्यादा १ जीबी केली. पेपरात मोठमोठ्या बातम्या. अण्णांनी मात्र वहीत भागाकार केला. २ एमबीपीएसनं १ जीबी किती वेळात संपेल? एक तास आणि सात मिनिटं. खाली शेरा मारलाय, "नळ मोठा केला, हंडा तेवढाच."

खरं म्हणजे हंडा अडीचपट झाला होता, पण नळ आठपट. अण्णांचा मुद्दा अगदीच खोटा नाही.

त्याच वर्षी ताईला तिकडं न्यू जर्सीत मुलगा झाला. आमच्याकडं तेव्हा अशाच मापाचं एक पॅकेज होतं. कंपनी कुठली ते महत्त्वाचं नाही, कारण चूक पूर्णपणे आमची होती. ताई फोटो पाठवायची, एकेक चार एमबीचा. शिवाय आई रोज वेबकॅमसमोर बसायची. आलेल्या एमबीसारख्या गेलेल्या एमबीही मोजतात हे कुणी वाचलंच नव्हतं. महिन्याअखेर अडीचशेच्या जागी दीड हजाराच्या वर बिल आलं. अण्णा काही बोलले नाहीत. आईनं बिल बघितलं आणि दुसऱ्या दिवसापासून ती वेबकॅमसमोर बसेना. विचारलं तर म्हणायची, "पुरे. फोटोत दिसतो की." मी काही डाऊनलोड करायला बसलो की मागून हळूच यायची, "माझ्यासाठी शंभर ठेव हं." शंभर म्हणजे शंभर एमबी. तोपर्यंत तिला एमबी म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. नातवानं शिकवलं, तेही पाळण्यातून.

ह्यावरचा उपाय अण्णांनी शोधला. पॅकेजांचा तक्ता खऱ्या अर्थानं त्यांनी पहिल्यांदा मांडला तो तेव्हाचा. महिना पाचशे रुपयांच्या पॅकेजमध्ये पहाटे दोन ते सकाळी आठ वापर मोजत नसत. कॉलेजातली पोरं ह्या वेळात पिक्चर उतरवायला लावून झोपायची. वालचंद आणि विलिंग्डनच्या आसपास खोल्या करून राहणाऱ्यांना हे पॅकेज तोंडपाठ होतं. अण्णांनी मात्र तक्त्यात एक रकाना जास्तीचा काढला, 'न्यू जर्सीत किती वाजले'. आपले पहाटेचे साडेपाच म्हणजे उन्हाळ्यात तिथले आदल्या दिवशीचे रात्रीचे आठ. बाळ जेवून खेळत असायची वेळ. झालं! पुढची अडीच-तीन वर्षं आई पहाटे पाचला उठून, आंघोळ करून, केस विंचरून संगणकासमोर बसायची. पलीकडं विश्रामबाग स्टेशनावरून गाडी जायची, तिची शिट्टी ऐकून तिकडं तो टाळ्या वाजवायचा. अडीचशे रुपये जास्त गेले महिन्याला. मला वाटतं, आमच्या घरानं घेतलेलं ते सगळ्यात स्वस्त पॅकेज होतं.

मग 'अनलिमिटेड' हा शब्द आला. सुरुवातीला नऊशे रुपयांत २५६ केबीपीएस अमर्याद मिळायचं, ते खरंच अमर्याद होतं, वेगच कमी. नंतर वेग वाढले आणि शब्दाला शेपूट लागलं, ते एफयूपी. इतके जीबी झाले की वेग उतरणार. वापर थांबत नाही, म्हणून अनलिमिटेड. ट्रायनं मग ठरवून दिलं, की वेग कुठल्या मर्यादेनंतर किती उतरेल ते ग्राहकाला स्पष्ट सांगा. वहीत ह्या काळात 'स्पीड' ह्या रकान्याचे दोन रकाने झालेत, 'आधी' आणि 'नंतर'.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि मोबाईलवरच्या डेटाचे भाव कोसळले. एमबीला रुपया मोजलेली पिढी एकदम रोज एक जीबी संपवायला लागली. घरच्या फायबरचे दरही पुढं उतरले. २०२० च्या ऑगस्टअखेर जिओफायबरनं ३९९ रुपयांत ३० एमबीपीएस अमर्याद असं जाहीर केलं. तिथंही वापराची एक वरची मर्यादा होतीच, महिन्याला ३३०० जीबी. म्हणजे दिवसाला ११० जीबी. आमच्या घरात एवढं कोण वापरणार? आणि हो, ३९९ वर १८ टक्के जीएसटी धरला की होतात ४७०.८२. जाहिरातीतला आकडा आणि भरायचा आकडा वेगळे असतात हे अण्णांना १९९९ पासून पाठ आहे.

तर आता तक्ता पुन्हा माझ्यासमोर. ह्या वेळी गोची अशी, की सहाही रकान्यांत फारसा फरकच नाही. आई-अण्णांना तीस काय आणि शंभर काय, सारखंच. मग निवडायचं कशावर?

मला २०१९ चा ऑगस्ट आठवला. आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. गावभागातले आमचे दोन घरचे पाहुणे विश्रामबागला आमच्याकडं राहायला आले होते. आमच्या गल्लीत पाणी नव्हतं, पण लाईट नव्हती. मोबाईल एकेक करून मान टाकत होते. चालू होता तो फक्त हॉलमधला जुना फोन. कारण तांब्याच्या तारेतून आवाजाबरोबर वीजही येते, एक्स्चेंजच्या बॅटऱ्यांमधून, साधारण ४८ व्होल्ट. घरची लाईट गेली तरी तो फोन मरत नाही. दहा माणसांची ख्यालीखुशाली त्या एका फोनवर पोचली. ताईनं तिकडून लावला तोही त्यालाच, ०२३३ चा लहानपणापासून पाठ असलेला नंबर.

फायबर म्हणजे काच. काचेतून प्रकाश जातो, वीज जात नाही. भिंतीवरच्या त्या डबीला, ओएनटीला, घरचीच वीज लागते. लाईट गेली की इंटरनेट गेलं, आणि त्यावरचा फोनही गेला. हे कुठल्याच पॅकेजच्या तक्त्यात लिहिलेलं नसतं. तासाच्या काळात फोनचं बिल लिहिलेलं नव्हतं, एमबीच्या काळात जाणाऱ्या एमबी लिहिलेल्या नव्हत्या, तसंच हे. दर वेळी गोम मापाच्या बाहेरच असते.

अण्णांना हे सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले, मग पट्टी घेऊन सातवा रकाना आखला, 'लाईट गेल्यावर'. आठवा, 'तक्रारीला कोण येतो आणि किती वेळात'. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं गल्लीतल्या पाच घरी जाऊन विचारून आलो. सातव्यासाठी ओएनटी आणि वायफायला चालणारा बारा व्होल्टचा छोटा यूपीएस घ्यायचं ठरलं. आठव्यात जो नंबर पहिला आला, तोच घेतोय. महिन्याला पन्नास रुपये महाग आहे. जुना नंबर नव्या लाईनवर ठेवता येतो का ते विचारून मगच जुनी लाईन सोडायची, ही आईची अट.

निघताना आई म्हणाली, "आता लिमिट नाही म्हणतोस ना? मग त्याला सांग की, कधीही लाव म्हणावं. पहाटेचंच असं काही नाही."

भाचा आता कॉलेजात आहे. वेळ नसतो त्याला. तरीपण ताई, सांग त्याला.